डॉक्टरांची चिठ्ठी आहे, विमा आहे, तरी अमेरिकेतला फार्मासिस्ट दुखण्याची गोळी का देत नाही?

आपल्याकडे मेडिकलवाला सहसा नाही म्हणत नाही. चिठ्ठी असो वा नसो, "अंगदुखीवर काहीतरी द्या" म्हटलं की कात्रीने पट्टी कापून चार गोळ्या हातात येतात. अमेरिकेत राहायला गेलेल्या मराठी माणसाला म्हणूनच तिथल्या फार्मसीच्या काउंटरवर धक्का बसतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असतं, सर्जनने औषध लिहून कॉम्प्युटरवरून थेट फार्मसीला पाठवलेलं असतं, विमाही असतो. आणि काउंटरपलीकडचा फार्मासिस्ट शांतपणे सांगतो, "हे औषध आम्हाला देता येणार नाही."

कारण विचारलं तर कधी 'स्टॉक नाही', कधी 'डॉक्टरांशी बोलावं लागेल', कधी 'सात दिवसांचंच मिळेल', तर कधी नुसतंच 'कंपनीची पॉलिसी'. ऑपरेशनवाला पेशंट आठवडाभर कळ काढतो आणि सुटतो. कॅन्सरच्या, सिकलसेलच्या किंवा मणक्याच्या जुन्या दुखण्याच्या पेशंटचं तसं नाही. या औषधांना तिथे 'रिफिल' नसतं, म्हणजे एकाच चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा औषध घेता येत नाही. दर वेळी नवी चिठ्ठी, आणि दर वेळी त्याच काउंटरवर तीच परीक्षा.

एखादा फार्मासिस्ट खडूस असतो म्हणून हे होत नाही. यामागे वीस-पंचवीस वर्षांचा इतिहास आहे, आणि तो कळला की त्या 'नाही'चा अर्थ लागतो.

अर्धी जबाबदारी काउंटरवाल्याची

सुरुवात १९७० च्या एका कायद्यापासून होते. अमेरिकेने त्या वर्षी नशा आणू शकणाऱ्या पदार्थांची पाच गटांत विभागणी केली. पहिल्या गटात हेरॉइनसारखे, ज्यांचा उपचारात उपयोग मान्यच नाही असे पदार्थ. दुसऱ्या गटात उपचाराला लागणारी, पण सवय लावण्याचा धोका जास्त असलेली औषधं. मॉर्फिन, ऑक्सिकोडोन, फेंटानिल ही सगळी दुसऱ्या गटातली. तिथे सर्वात जास्त लिहिलं जाणारं हायड्रोकोडोनचं मिश्रण तिसऱ्या गटात होतं, ते २०१४ मध्ये दुसऱ्या गटात ढकललं गेलं. अफूपासून बनलेल्या किंवा अफूसारखं काम करणाऱ्या या सगळ्या औषधांना मिळून ओपिऑइड म्हणतात.

या कायद्याखालच्या नियमांत एक वाक्य आहे, ज्यावर पुढचं सगळं महाभारत उभं आहे. चिठ्ठी योग्य उपचारासाठी लिहिण्याची जबाबदारी डॉक्टरची, पण ती चिठ्ठी बघून औषध देणाऱ्या फार्मासिस्टचीही तितकीच जबाबदारी, असा तो नियम. म्हणजे सही-शिक्का खरा आहे एवढ्यावर भागत नाही. चिठ्ठीमागचं कारण खरं आहे का, हेही त्यानेच बघायचं. नाहीतर त्याचा आणि दुकानाचा परवाना धोक्यात.

हा नियम कागदावर होताच. वर्षानुवर्षं तो कुणी फारसा मनावर घेतला नाही, एवढंच.

१९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सिकॉन्टिन नावाची ऑक्सिकोडोनची गोळी बाजारात आणली. आमच्या गोळीची सवय लागण्याचा धोका कमी आहे, असा प्रचार कंपनीने डॉक्टरांमध्ये केला. २००७ मध्ये याच दिशाभूल करणाऱ्या प्रचाराबद्दल कंपनीने कोर्टात गुन्हा कबूल केला आणि सुमारे ६० कोटी डॉलर भरले, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. २०१२ साली अमेरिकेत ओपिऑइडच्या साडेपंचवीस कोटी चिठ्ठ्यांवर औषध दिलं गेलं. दर शंभर माणसांमागे ८१ चिठ्ठ्या!

फ्लोरिडाची 'पिल मिल'

हे कुठवर गेलं होतं ते बघायचं तर फ्लोरिडाकडे बघावं. तिथे रस्त्याकडेला 'पेन क्लिनिक' उभी राहिली होती. बाहेर दूरदूरच्या राज्यांतल्या नंबरप्लेटच्या गाड्या, आत दोन मिनिटांत तपासणी, रोख पैसे, आणि तिथेच गोळ्या. लोक त्यांना 'पिल मिल' म्हणायचे, गोळ्यांची गिरणीच. २०१० मध्ये आपल्याच दवाखान्यातून सर्वात जास्त ऑक्सिकोडोन विकणाऱ्या अमेरिकेतल्या शंभर डॉक्टरांपैकी ९८ एकट्या फ्लोरिडात होते. २०११ मध्ये राज्याने डॉक्टरांना या गोळ्या स्वतः विकायला बंदी केली. मग त्या चिठ्ठ्या घेऊन लोक फार्मसीत जाऊ लागले.

सॅनफर्ड हे फ्लोरिडातलं छोटं शहर. तेव्हा लोकवस्ती पन्नास हजारांच्या थोडी वर होती. तिथे सीव्हीएस या मोठ्या साखळीची दोन दुकानं होती. अमेरिकेतली सरासरी फार्मसी २०११ मध्ये वर्षाला ऑक्सिकोडोनच्या सुमारे ६९ हजार गोळ्या मागवत होती. सॅनफर्डच्या या दोन दुकानांनी मिळून त्याच वर्षी तीस लाखांहून जास्त मागवल्या. डीईए म्हणजे अमेरिकेची अमली पदार्थविरोधी यंत्रणा. तिने २०१२ मध्ये दोन्ही दुकानांची या औषधांची नोंदणी रद्द केली. २०१३ मध्ये वॉलग्रीन्स या दुसऱ्या साखळीने फ्लोरिडातल्या सहा दुकानांच्या आणि तिथल्या गोदामाच्या प्रकरणात आठ कोटी डॉलर भरून तडजोड केली.

आणि हे फक्त फ्लोरिडात चाललं होतं असंही नाही. वेस्ट व्हर्जिनियातल्या कर्मिट या जेमतेम चारशे वस्तीच्या गावातल्या एका फार्मसीला दोन वर्षांत हायड्रोकोडोनच्या जवळपास नव्वद लाख गोळ्या पोचवल्या गेल्या होत्या. स्थानिक वृत्तपत्राने हे बाहेर काढलं आणि त्या वार्तांकनाला २०१७ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. चारशे माणसांच्या गावात नव्वद लाख गोळ्या जातात आणि पाठवणाऱ्याला, विकणाऱ्याला काही खटकत नाही, हे पटणारं नाही. त्यामुळे आज या साखळ्या 'आम्ही बिचारे मध्ये सापडलो' असं म्हणतात तेव्हा हे आकडे आठवावेत.

तर दंड बसला आणि काउंटरवरचा माणूस बदलला. वॉलग्रीन्सने २०१३ मध्ये आपल्या फार्मासिस्टना एक तपासणी यादीच दिली. पेशंट कुठून आला, कोणत्या डॉक्टरकडून, आधी हेच औषध कधी घेतलं, गरज पडल्यास डॉक्टरला फोन करून निदान काय ते विचारा. डॉक्टर भडकले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्याच वर्षी ठराव केला की फार्मासिस्टने निदानाबद्दल अशी अवाजवी चौकशी करणं म्हणजे डॉक्टरच्या कामात ढवळाढवळ आहे.

इथे फार्मासिस्टची बाजूही समजून घ्यायला हवी. त्याच्यासमोर धोक्याच्या ठरलेल्या खुणा असतात. पेशंट लांबून आलाय का? विमा असून रोख पैसे देतोय का? एकच डॉक्टर सगळ्यांना तेच औषध त्याच डोसमध्ये लिहितोय का? ओपिऑइडसोबत झोपेची किंवा चिंतेची गोळी आणि स्नायू सैल करणारी गोळी असं त्रिकूट आहे का? पिल मिलच्या गिऱ्हाइकाला या सगळ्या खुणा बरोबर लागू पडतात.

पण मग खेड्यात राहणारा कॅन्सरचा पेशंट घ्या. त्याचा तज्ज्ञ डॉक्टर दीडशे मैलांवर, म्हणजे तो लांबून आलेला. विमा कंपनीने औषध नाकारलं म्हणून स्वतःच्या खिशातून पैसे देतोय, म्हणजे रोखीवाला. त्याचा डॉक्टर दुखण्याचाच तज्ज्ञ असल्याने सगळ्या पेशंटना हीच औषधं लिहितो. बसल्या तीन खुणा! खरा पेशंट आणि नशेबाज कागदावर हुबेहूब सारखे दिसतात, आणि फार्मासिस्टकडे दोन मिनिटं आणि मागे लागलेली रांग असते.

सल्ल्याचा झाला नियम

२०१६ च्या मार्चमध्ये सीडीसी या अमेरिकी आरोग्य संस्थेने ओपिऑइड लिहिण्याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या फॅमिली डॉक्टरांसाठी होत्या आणि ऐच्छिक होत्या. कॅन्सरचे उपचार चालू असलेले आणि आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातले पेशंट त्यातून स्पष्टपणे वगळलेले होते. त्यात म्हटलं होतं की अचानक उद्भवलेल्या दुखण्याला बहुधा तीन दिवसांचं औषध पुरतं, सात दिवसांहून जास्त क्वचितच लागतं. डोस ५० च्या वर नेताना जपा, ९० च्या वर शक्यतो नेऊ नका.

हे ५० आणि ९० म्हणजे काय? ओपिऑइड वेगवेगळ्या ताकदीची असतात, म्हणून सगळ्यांचा हिशोब मॉर्फिनच्या मिलिग्रॅममध्ये करतात. ऑक्सिकोडोन मॉर्फिनच्या दीडपट धरतात. आता ऑपरेशननंतर ऑक्सिकोडोनची ५ मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी एक घेतली, तर दिवसाला ३० मिलिग्रॅम, म्हणजे मॉर्फिनच्या हिशोबात ४५. बसलं मर्यादेत. त्याच गोळ्या दर सहा तासांनी दोन घेतल्या तर दिवसाला ४०, म्हणजे हिशोबात ६०. गेलं मर्यादेबाहेर. एवढाच फरक.

सीडीसीने 'जपा' म्हटलं होतं. पण आकडा एकदा छापला गेला की तो कॉम्प्युटरमध्ये घालता येतो, आणि 'पेशंट बघून ठरवा' हे घालता येत नाही. त्याच महिन्यात मॅसॅच्युसेट्स राज्याने पहिल्या चिठ्ठीला सात दिवसांची मर्यादा घालणारा कायदा केला. मागोमाग अनेक राज्यांनी तसे कायदे केले, फ्लोरिडाने तर २०१८ मध्ये अशा दुखण्याला तीन दिवस आणि डॉक्टरने खास कारण लिहिलं तर सात असं ठरवलं. सीव्हीएसने नव्या पेशंटला सात दिवसांची मर्यादा २०१८ च्या सुरुवातीला लावली. वॉलमार्टने त्याच वर्षी सात दिवस आणि दिवसाला जास्तीत जास्त ५० अशी दुहेरी मर्यादा जाहीर केली. कागदोपत्री या मर्यादा फक्त नव्या, तात्पुरत्या दुखण्याच्या पेशंटसाठी होत्या. पण दहा-दहा वर्षं तेच औषध घेणाऱ्या लोकांनाही काउंटरवर अडवलं जाऊ लागलं, डॉक्टरही घाबरून डोस कापू लागले.

शरीराला वर्षानुवर्षं ओपिऑइडची सवय झालेली असताना ते एकदम बंद करणं धोक्याचं असतं. २०१९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या एफडीएने तसा जाहीर इशारा दिला: अंगातून औषध सुटतानाचा असह्य त्रास, आटोक्यात न येणारं दुखणं, मानसिक हाल आणि आत्महत्येपर्यंतचे प्रकार. त्याच महिन्यात २०१६ च्या सूचना लिहिणाऱ्या तज्ज्ञांनीच लेख लिहून सांगितलं की आमच्या सूचनांचा चुकीचा वापर होतोय, कडक मर्यादा घाला असं आम्ही म्हटलंच नव्हतं. शेवटी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सीडीसीने नव्या सूचना काढल्या. मुख्य शिफारशींतून ते दिवसांचे आणि डोसचे आकडे काढून टाकले, आणि या सूचना कडक नियम म्हणून वापरू नका असं ठणकावून लिहिलं. सिकलसेलचे पेशंटही या वेळी वगळले. आपल्या विदर्भात आणि आदिवासी पट्ट्यात हा आजार बऱ्याच घरांत आहे, त्यामुळे सिकलसेलची कळ काय असते हे तिथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. अमेरिकेत हा आजार मुख्यतः कृष्णवर्णीयांमध्ये आढळतो, आणि गोळी मागायला आलेल्या कृष्णवर्णीय तरुणाकडे संशयाने बघण्याची तिथली सवय जुनी आहे. ही दुरुस्ती व्हायला सहा वर्षं लागली.

पण राज्यांचे कायदे आणि दुकानांची सॉफ्टवेअर काही सीडीसीने आकडा काढला म्हणून आपोआप बदलत नाहीत.

दिलं तर खटला, नाही दिलं तर तक्रार

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये एक अजब गोष्ट घडली. वॉलमार्टने अमेरिकी सरकारवरच दावा ठोकला. कंपनीचं म्हणणं असं: आमच्या फार्मासिस्टने चिठ्ठी नाकारली तर राज्यांची वैद्यकीय मंडळं आणि डॉक्टर आमच्यावर तुटून पडतात, आणि दिली तर तुम्ही खटला भरता. तर आम्ही नक्की काय करायचं ते कोर्टानेच सांगावं. कोर्टाने दावा फेटाळला. त्याआधीच, डिसेंबरमध्ये, सरकारने वॉलमार्टवर खटला भरला होता.

मग आले मोठे खटले. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ओहायोतल्या दोन काउंटींच्या दाव्यात ज्युरीने सीव्हीएस, वॉलग्रीन्स आणि वॉलमार्ट या तिघांना दोषी ठरवलं. पुढे २०२४ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा कायदेशीर पायाच काढून घेतला, ते वेगळं. पण तोवर कंपन्यांनी देशभरातल्या दाव्यांत तडजोडी केल्या होत्या: सीव्हीएस ५ अब्ज डॉलर, वॉलग्रीन्स ५.७ अब्ज, वॉलमार्ट ३.१ अब्ज. अशी रक्कम मोजल्यावर कुठल्याही कंपनीचा वकील काय सल्ला देणार? औषध दिल्याचे पुरावे वर्षानुवर्षं राहतात, कोर्टात दाखवता येतात. न दिलेल्या गोळीमुळे रात्रभर तळमळलेल्या माणसाचा पुरावा कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतो.

यातली सर्वात कमी माहीत असलेली कडी म्हणजे घाऊक पुरवठादार. अमेरिकेतल्या औषधांचा बहुतांश घाऊक व्यापार तीन कंपन्यांच्या हातात आहे. २०२२ च्या सुरुवातीला पक्क्या झालेल्या तडजोडीत या तिघांनी १८ वर्षांत मिळून २१ अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं. सोबत प्रत्येक फार्मसीला किती नियंत्रित औषधं पाठवायची याची कमाल मर्यादा ठरवायची, ती ओलांडली की ऑर्डर थांबवायची आणि कळवायचं, असंही ठरलं. गंमत म्हणजे ही मर्यादा किती आहे ते फार्मसीला सांगायचं नाही! सांगितलं तर ती मर्यादेच्या काठाकाठाने मागवत राहील, असं त्यामागचं तर्कशास्त्र. प्रत्यक्षात काय होतं? मर्यादा कुठे आहे ते माहीत नसल्याने छोटा दुकानदार आधीच हात आखडतो, नवीन पेशंट घ्यायला नकार देतो. शेजारचं दुकान बंद पडलं आणि तिथले पेशंट याच्याकडे आले तर याची मागणी अचानक वाढते, म्हणजे संशयास्पद ठरते. काउंटरवर ऐकू येणारं 'स्टॉक नाही' त्यामुळे पुष्कळदा खरंच असतं. फक्त त्यामागचं कारण दुकानदारालाही पुरतं ठाऊक नसतं.

यात भर म्हणून एक गुणपत्रिका. प्रत्येक राज्यात नियंत्रित औषधांच्या विक्रीची नोंद ठेवणारी यंत्रणा आहे, आणि बऱ्याच ठिकाणी त्या नोंदींवरून 'नार्क्सकेअर' नावाचं सॉफ्टवेअर पेशंटला शून्य ते ९९९ असे धोक्याचे गुण देतं. गुण कसे काढतात याचं पूर्ण गणित कंपनी उघड करत नाही. 'वायर्ड' मासिकाने २०२१ मध्ये एका बाईची गोष्ट छापली होती. हॉस्पिटलने तिला वेदनाशामक देणं बंद केलं, डॉक्टरने उपचार थांबवले. तिचे गुण फुगले होते ते तिच्या आजारी कुत्र्यांना दिलेल्या औषधांमुळे. ती औषधं मालकिणीच्या नावावर नोंदली गेली होती.

मग निदान माणसं तरी वाचली का?

चिठ्ठ्यांचा आकडा नक्कीच उतरला. २०१२ मध्ये शंभर माणसांमागे ८१ चिठ्ठ्या होत्या, २०२० मध्ये ४३ राहिल्या. पण अमली पदार्थांच्या अतिसेवनाने होणारे मृत्यू २०१० मध्ये सुमारे ३८ हजार होते, ते २०२२ मध्ये एक लाख आठ हजारांच्या घरात गेले. कारण या मृत्यूंमागचं मुख्य विष बदललं होतं. आता ते फार्मसीतून येत नव्हतं, तर बेकायदा कारखान्यांत बनणारं फेंटानिल रस्त्यावर विकलं जात होतं. त्यातलं बरंचसं तर फार्मसीच्या गोळीसारख्या दिसणाऱ्या नकली गोळ्यांत भरलेलं. अलीकडे मृत्यू बरेच घटलेत, पण फार्मसीचा काउंटर आवळला की रस्त्यावरचा मृत्यू थांबतो, हे गणित मधल्या दहा वर्षांनी खोटं ठरवलं.

म्हणून बंधनं नकोच होती का? तसं मुळीच नाही. सॅनफर्ड आणि कर्मिटमध्ये जे चाललं होतं ते थांबवणं भाग होतं, आणि नव्या पेशंटच्या हातात महिन्याभराच्या गोळ्या न देणं यातही शहाणपण आहे. चूक झाली ती मोजमापात. पकडायचा होता तो नव्वद लाख गोळ्यांचा व्यवहार, आणि मोजल्या गेल्या एकेका पेशंटच्या गोळ्या.

भीतीने दुकानदार औषध ठेवेनासा झाला की शेवटी काय होतं, हे बघायला आपल्याला खरं तर अमेरिकेत जायची गरज नाही. भारताने १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा केला, तोच एनडीपीएस. शिक्षा जबर आणि मॉर्फिन ठेवायचं तर वेगवेगळ्या खात्यांचे परवाने एकाच वेळी चालू हवेत. दुकानांनी आणि हॉस्पिटलांनी सरळ मॉर्फिन ठेवणं सोडून दिलं. एवढ्या मोठ्या देशाचा वर्षाचा वापर १९९७ पर्यंत अवघ्या १८ किलोवर आला, तोही कायदेशीर अफू पिकवून निर्यात करणाऱ्या देशात. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरवून परवान्यांचं जाळं सोडवलं. तरी आजही मॉर्फिन मिळतं ते मुख्यतः मान्यता घेतलेल्या हॉस्पिटलांतून, मुंबईत परळच्या टाटासारख्या. तालुक्याच्या मेडिकलमध्ये विचारलं तर मेडिकलवाला चमकून बघतो. म्हणजे सुरुवातीला म्हटलं तो न अडवणारा आपला मेडिकलवालाही इथे नाहीच म्हणतो.

तुमचं किंवा तुमच्या माणसाचं काउंटरवर अडलं तर

अमेरिकेत असाल तर काही गोष्टी खरोखर उपयोगी पडतात. डॉक्टरला चिठ्ठीवर निदानाचा कोड आणि औषध कशासाठी, हे लिहायला सांगा. कॅन्सर किंवा जुनं दुखणं असं स्पष्ट लिहिलं तर सात दिवसांची मर्यादा लावायचं कारण उरत नाही. शक्यतो एकच डॉक्टर आणि एकच फार्मसी ठेवा. ऑपरेशन ठरलेलं असेल तर औषध आधीच कुठे मिळेल ते सर्जनच्या ऑफिसकडून विचारून घ्या. अशा औषधांचा साठा किती हे बऱ्याच फार्मसी पेशंटला फोनवर सांगत नाहीत, डॉक्टरला सांगतात. शुक्रवारी संध्याकाळी नकार मिळाला तर सोमवारपर्यंत डॉक्टर सापडत नाही, हा तिथल्या लोकांचा नेहमीचा अनुभव, त्यामुळे दिवस बघून जा.

'थोडाच स्टॉक आहे' म्हणाले तर आहे तेवढा घेता येतो, पण दुसऱ्या गटातल्या औषधाचा उरलेला भाग दुकानाने ७२ तासांत द्यावा लागतो. तेवढ्यात माल आला नाही तर उरलेल्या गोळ्यांसाठी नवी चिठ्ठी लागते. म्हणून बाकीचं कधी येईल ते तिथेच विचारा. नकार दिला तर कारण विचारा. अडचण चिठ्ठीची आहे, डोसची आहे की साठ्याची, त्यावर पुढचा मार्ग ठरतो. आणि ऑगस्ट २०२३ पासून एक सोय झालीय: कॉम्प्युटरवरून आलेली, अजून औषध न दिलेली चिठ्ठी पेशंटच्या सांगण्यावरून एक फार्मसी दुसऱ्या फार्मसीला थेट पाठवू शकते, एकदाच, राज्याच्या कायद्यात बसत असेल तर. आधी यासाठी पुन्हा डॉक्टरला गाठून नवी चिठ्ठी मागावी लागायची. काउंटरवर ही सोय कुणी आपणहून सांगेलच असं नाही, त्यामुळे मागून घ्या.

आणि आई-बाबा भारतातून येणार असतील तर त्यांना इथूनच सांगून ठेवा. भारतातल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर तिथली फार्मसी ही औषधं देत नाही. ट्रामाडॉल तिथे २०१४ पासून नियंत्रित आहे, आपल्याकडेही २०१८ पासून ते एनडीपीएसखाली आलंय. झोपेच्या, चिंतेच्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्याही त्याच वर्गात मोडतात. न्यायच्याच असतील तर मूळ पाकिटात, डॉक्टरच्या इंग्रजी पत्रासह, प्रवासाला पुरतील एवढ्याच न्या आणि विमानतळावर कस्टमला सांगा. पट्ट्या मोकळ्या करून स्टीलच्या डबीत भरून नेऊ नका.